न झालेला पेपर

मार्च लागला की आमच्या घरातला टेबलफॅन माणसांचा राहायचा नाही, कंप्युटरचा व्हायचा. सोलापूरचा मार्च नावालाच मार्च, ऊन मेचंच. अण्णा, म्हणजे माझे वडील, कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढायचे, स्टुलावर पंखा ठेवायचे आणि त्याचं तोंड आतल्या हिरव्या पाट्यांकडे वळवायचे. आम्ही मायलेकी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचो. आई करवादायची, "घाला त्याला वारा. आम्ही मेलो तरी चालतंय." अण्णा मान वर न करता म्हणायचे, "तू तापलीस की बडबडतीस. ते तापलं की बंद पडतंय." मग आई पुठ्ठा आणखी जोरात हलवायची.

यंदाच्या मार्चमध्ये मी पुन्हा त्याच स्टुलावर पंखा ठेवला. पंखा दुसरा, स्टूल तेच, कंप्युटर तोच. आईला जाऊन चार वर्षं झाली. माझं सासर गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मी रविवारी येते. एरवी घरात अण्णा आणि ते यंत्र, दोघंच. अण्णांचं वय बहात्तर, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. प्रश्नपत्रिकांची कामं कधीच बंद झाली, शाळा आता आपले पेपर आपणच छापतात. जयंतीची पत्रकं, कुणाचं लग्न, कुणी गेलं तर त्याचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, एवढंच उरलंय. गल्लीतली माणसं अजून अण्णांकडेच येतात, कारण अण्णांनी काढलेल्या पत्रकात शुद्धलेखनाची चूक सापडत नाही. आणि एप्रिलच्या जयंतीची कामं सुरू व्हायच्या तोंडावर, फेब्रुवारी संपता संपता, कंप्युटरनं मान टाकली.

आता प्रश्न सोपा होता. आहे तो दुरुस्त करायचा, की नवा जोडून घ्यायचा?

श्रीनूला बोलावलं. वीस वर्षांपूर्वी याच खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून, एकेक भाग खोक्यातून काढून, हा कंप्युटर त्यानंच जोडला होता. त्याचे वडील मागावर चादरी विणायचे. श्रीनू घरात तेलुगू बोलतो, बाहेर आमच्यासारखंच, आणि यंत्राशी बोलायचं झालं तर दोन्ही. त्यानं आत बॅटरी मारली आणि बोटानं धूळ पुसली.

"ताई, हे बघा," तो म्हणाला. "हे कपॅसिटर फुगलेत. ह्याची रॅम आता दुकानात मिळत न्हाई, जुन्या बाजारात हुडकावी लागंल. हार्डडिस्क काढून नवीन एसएसडी टाकली तर पळंल की. पण बोर्ड कदी जाईल, मी लिहून देणार न्हाई."

"मग नवीनच जोड ना. कशाला विचार करायचा?"

"जोडतो की. लई भारी जोडतो." त्यानं कंप्युटरच्या पाठीमागं हात घातला आणि अंगठ्याएवढा एक राखाडी तुकडा दाखवला. "पण हे कुटं लावू?"

ते लॉक. अण्णांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं. प्रिंटरची वायर जोडायच्या जुन्या रुंद खाचेत ते बसवल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि नव्या कंप्युटरला ती खाचच नसते. म्हणजे नवा आणायचा तर अण्णांची अक्षरं, अण्णांचा कीबोर्ड, अण्णांच्या फायली, सगळ्यावर पाणी सोडायचं. जुनाच नीट करायचा तर नाकापेक्षा मोती जड, आणि वर तो किती दिवस टिकेल याची खात्री नाही.

मी शाळेत शिकवते. मला निर्णय पटकन घ्यायची सवय आहे, चुकीचे का असेनात. मी म्हटलं, नवीन. अण्णा बाहेर कट्ट्यावर बसले होते, तिथूनच म्हणाले, "हाय तेच नीट करा."

"अण्णा, पत्रकं काय, मी फोनवर टाइप करून देते तुम्हाला. पाच मिनिटांत."

"पत्रकाचं कोण बोलतंय?"

"मग कशाचं?"

ते उठून आत गेले. हे त्यांचं जुनं शस्त्र. वाद हरायची वेळ आली की माणसानं पाणी प्यायला जावं. मी श्रीनूसमोर नको ते बोलून गेले. म्हटलं, म्हातारपणी माणसाला लोखंडाचाही लळा लागतो. आतून भांड्याचा आवाज थांबला. ऐकलं त्यांनी. मला लाज वाटली, पण शब्द परत घेतले नाहीत. घ्यायला हवे होते.

त्या काळातला मार्च मला सगळ्यात आधी वासानं आठवतो. लेझर प्रिंटरमधून गरम निघालेल्या कागदाचा वास आणि बंबातल्या धुराचा. अण्णा तेव्हा पाच-सहा शाळांच्या वार्षिक परीक्षांचे पेपर टाइप करायचे. त्यात माझीही शाळा होती. आपल्याच शाळेचा पेपर आपल्याच घरात, भिंतीपलीकडे! मुली मला विचारायच्या, "सांग की गं, काय आलंय?" मी भाव खायचे. खरं तर मला काडीचं माहीत नसायचं. आमचे हेडमास्तर शिक्षकांना म्हणायचे म्हणे, की पेपर त्या घरातून फुटणार नाही, बँकेतून फुटेल एक वेळ.

घरात तीन नियम होते. पेपरचं काम चाललं की खोलीचं दार आतून बंद. चुकलेले कागद रोज सकाळी बंबात. आणि तिसरा नियम अण्णांनी स्वतःसाठी केला होता: पेपर होईपर्यंत कंप्युटरमधली फाईल हलवायची नाही, कारण ऐनवेळी गठ्ठा कमी पडला तर पुन्हा काढून द्यावा लागतो, आणि पेपर झाला की त्याच संध्याकाळी पुसून टाकायची. शाळा सुटल्यावर मी घरी येऊन सांगायचे, "झाला भूगोल." मग अण्णा आत जायचे आणि भूगोल पुसायचे. ठेवला असता तर पुढच्या वर्षी तेच प्रश्न फिरवून काम सोपं झालं असतं. ते म्हणायचे, पेपर आपला नसतो, आपल्याकडं ठेवायला दिलेला असतो.

दुसऱ्या नियमामुळे मार्चभर आमच्या आंघोळीचं पाणी प्रश्नपत्रिकांवर तापायचं. तांब्याचा उंच बंब मागच्या परसात होता. अण्णा चुरगळलेल्या कागदांची पिशवी आईच्या हातात द्यायचे आणि आई एकेक गोळा बंबाच्या पोटात सारायची. तिला वाचता यायचं, पण ती कधी वाचायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटात बघावं का?"

नववीच्या त्या मार्चमध्ये आई करमाळ्याला मावशीकडे गेली होती. मावशी आजारी होती. बंब पेटवायचं काम माझ्याकडे आलं. पिशवी माझ्या हातात देताना अण्णा क्षणभर थांबले, एवढं आठवतंय. मग दिली. मी शपथेवर सांगते, पहिले दोन दिवस मी गोळे न उघडता टाकले. तिसऱ्या दिवशी एक गोळा पेट घेता घेता उलगडला. कडेनं काळा होत आला आणि मधे अक्षरं राहिली. इयत्ता नववी. मराठी. निबंध. मी चिमट्यानं तो बाहेर ओढला. विझवला. वाचला. मग पुन्हा आत टाकला. एवढंच. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

निबंधाचा विषय होता: 'बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्याचे मनोगत'.

आता माझी अक्कल बघा. मला भोंग्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी जाणती होईपर्यंत गिरण्या गप्प झाल्या होत्या. माझे आजोबा गिरणीत होते, ते मी पाहिलेही नाहीत. मग माहिती कुणाला विचारायची? मी जेवताना, भाकरी कुस्करत, अगदी सहज आवाजात अण्णांनाच विचारलं, "अण्णा, गिरणीचा भोंगा दिवसातून किती वेळा वाजायचा हो?"

ज्या माणसानं आदल्या दिवशी तो प्रश्न स्वतःच्या बोटांनी टाइप केला होता, त्याला!

अण्णांचा हात ताटातच राहिला. मी खाली बघत होते. मग ते बोलायला लागले, आणि मी त्यांना एवढं सलग बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पहिला भोंगा उठायचा. दुसरा निघायचा. तिसरा झाला की फाटक बंद, मग रोज बुडाला. आजोबा दुसऱ्या भोंग्याला चपला घालायचे, कधी आधी नाही, कधी नंतर नाही. सुटीचा भोंगा झाला की अण्णांची आई चहाचं आधण ठेवायची, आणि आधणाला उकळी आली की दारात आजोबा. गिरणी बंद पडली त्याच्यानंतरही आजोबा पहिल्या भोंग्याच्या वेळेला उठून अंथरुणात बसून राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, आज वारा उलटा आहे, ऐकू आला नाही. अण्णांनी हे सगळं सांगितलं, घास निवून गेला, मग हात धुतला. मी मनातल्या मनात मुद्दे काढत होते. प्रस्तावना, मध्य, शेवट.

परीक्षेच्या दिवशी पेपर हातात आला आणि मी थेट निबंध बघितला. 'झाडे आपले मित्र'. भोंगा कुठेच नव्हता. कळलं का कुणाला? वर्गातल्या बाई माझ्याकडेच बघतायत का? चोराच्या मनात चांदणं! मग मी स्वतःची समजूत घातली की मी पाहिला तो रद्द झालेला कागद असणार, म्हणून तर बंबात आला. झाडे आपले मित्र आहेत असं दोन पानं लिहून मी घरी आले. अण्णांनी विचारलं, "झालं मराठी?" म्हटलं, झालं. ते आत गेले आणि पुसून आले.

पुढच्या वर्षी माझ्या शाळेचं काम आमच्याकडे आलं नाही. सगळ्यात मोठी शाळा होती ती. आई महिनाभर धुमसत होती. "एवढी वर्षं इमानदारीनं केलं, आणि एका शब्दानं विचारलं नाही त्यांनी." अण्णा म्हणाले, "त्यांची सोय त्यांनी बघितली." आई जाईपर्यंत त्या हेडमास्तरांना नावं ठेवत होती. रस्त्यात दिसले तर तोंड फिरवायची. मीही फिरवायचे.

पुढच्या रविवारी श्रीनू जुन्या बाजारातून रॅम घेऊन आला. फुगलेले कपॅसिटर त्यानं बदलले, झाकण काढलेलंच ठेवलं, मी पंखा लावला. तिसऱ्या खेपेला यंत्र घरघरलं आणि पडदा उजळला. "लई वेळ ठेवू नका," श्रीनू म्हणाला. "काय घ्यायचं ते आत्ता बघून घ्या, म्हंजे ठरवता यील." आम्ही एकेक कप्पा उघडत गेलो. पत्रकं, लग्नं, निधनं. अर्ध्या गल्लीचा इतिहास. मग 'परीक्षा' नावाचा कप्पा आला. मला माहीत होतं, तो रिकामा असणार.

"एकच फाईल हाय," श्रीनू म्हणाला. "लई जुनी. उघडू?"

त्यानं उघडली. इयत्ता नववी. मराठी. मी खाली सरकत गेले. धडा, कविता, व्याकरण. आणि शेवटी निबंध. बंद पडलेल्या गिरणीच्या भोंग्याचे मनोगत.

रद्द झालेला कागद नव्हता तो. पूर्ण पेपर होता, गुणांसकट, सूचनांसकट, तयार. छापायला जायच्या बेतातला. श्रीनू माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मी जरा चहा घिऊन येतो." शहाणा माणूस आहे तो.

अण्णा दारात उभे होते. किती वेळ कोण जाणे.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"भोंगा किती वेळा वाजतो म्हणून विचारलंस की तू."

"मग मला मारलं का नाही? बोलला का नाहीत?"

ते खुर्चीवर बसले. "पिशवी मीच दिली तुझ्या हातात. आई न्हाई तर मी जाळायला पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडं गेलो. म्हटलं, पेपर माझ्या हातून फुटला, निबंध बदलून द्या."

"माझं नाव?"

"माझ्या हातून, म्हटलं की. त्यांनी पुढं विचारलं न्हाई. भला माणूस होता." मग म्हणाले, "काम दिलं न्हाई, ते बरोबरच केलं त्यांनी. मी असतो तर मीबी दिलं नसतं."

आणि आई? आई त्या माणसाला शिव्या देत गेली. मी तोंड फिरवत राहिले. मी आज तीस-पस्तीस पोरींना मराठी शिकवते, कॉपी पकडली की अर्धा तास प्रामाणिकपणावर व्याख्यान देते, आणि माझ्या अर्ध्या मिनिटाची शिक्षा माझ्या बापानं गुपचूप भोगली. मला रडू आलं. आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही.

"पण ही फाईल का ठेवलीत, अण्णा? मला दाखवायला?"

त्यांना खरंच नवल वाटलं. "तुला कशाला दाखवू? झालेला पेपर पुसायचा. हा झालाच न्हाई की." मग, मला समजावं म्हणून, शाळेतल्या पोराला सांगावं तसं हळू सांगितलं, "निबंध बदलला, तो पेपर झाला, तो पुसला. हा ऱ्हायला. पेपर होईस्तोवर आपल्या ताब्यात असतो. कुणीतरी म्हणंल आणा, तवा द्यावा लागंल."

हेडमास्तर वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती शाळा आता पेपर मोबाईलवर मागवते. कुणीही तो पेपर आणा म्हणणार नव्हतं. तरी या माणसानं दोनदा पॉवर सप्लाय बदलला, एकदा बोर्ड बदलला, दर उन्हाळ्यात पंखा लावला, आणि एक न झालेला पेपर सांभाळला. आणि मी म्हटलं होतं, लोखंडाचा लळा.

मी उठले. माझ्या पिशवीत शाळेच्या कोऱ्या उत्तरपत्रिका होत्या, मार्चमध्ये असतातच. एक काढली. पेन काढलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले.

"काय करतीस?"

"पेपर द्यायचाय. निबंधाला किती वेळ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "चाळीस मिनिटं," म्हणाले, आणि खुर्ची ओढून समोर बसले. पर्यवेक्षक बसतात तसे, हाताची घडी घालून, इकडे तिकडे न बघता. श्रीनू चहा घेऊन आला, त्याला त्यांनी बोटानंच गप्प बसवलं. आत पंखा कंप्युटरला वारा घालत होता.

मी लिहिलं. फळ्यावर लिहून देते तसले मुद्दे नाही काढले. पहिला भोंगा लिहिला, दुसरा लिहिला, चपला लिहिल्या, बंद होणारं फाटक लिहिलं. उलटा वारा लिहिला. पेन कागदावर टेकवल्यावर ते सगळं जसंच्या तसं आलं, त्या रात्रीच्या ताटासकट. दोन ठिकाणी शाई पसरली, तेवढं माफ व्हायला हरकत नाही.

"वेळ संपली," अण्णा म्हणाले.

त्यांनी भिंग घेतलं आणि ओळीवर ओळ सरकवत वाचलं. उलट्या वाऱ्याशी थांबले. पुन्हा वाचलं. मग माझ्याच पिशवीतलं लाल पेन घेतलं आणि कोपऱ्यात लिहिलं, दहापैकी आठ. मी बाई असून मला विद्यार्थिनीसारखं वाईट वाटलं.

"दोन कुठं गेले?"

"सुटीचा भोंगा राहिला. तुझा भोंगा माणसं आत घेतो, परत बाहेर सोडतच न्हाई." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "सांगितलं होतं की तुला, त्या दिवशी."

मग ते आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. कीबोर्डवर त्यांची बोटं जिथं पडायची तिथं अक्षरं पुसली गेली होती, त्यांना बघावं लागत नाही. त्यांनी विचारलं, "झालं मराठी?"

"झालं, अण्णा."

त्यांनी फाईल पुसली. पडद्याकडे क्षणभर पाहिलं, स्टुलापाशी वाकले, आणि पंखा उचलून माझ्याकडे वळवून ठेवला.

"श्रीनू," ते म्हणाले, "ह्याला आता सुटी दे. नवीन जोड."